कमाई सारखीच, मग पैसा एकाकडंच का टिकतो?

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी पैसा आणि स्वभाव यावर एवढी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.)

प्रश्न : आम्ही दोघं चुलतभाऊ, तासगाव तालुका. दोघांची दोन-दोन एकर द्राक्षबाग, बांधाला बांध, पाणी एकच. त्याचं घर झालं, ट्रॅक्टर झाला, पोरगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. माझं गावच्या सोसायटीचं पीककर्ज थकीत, बायकोचं सोनं बँकेत. मला कसलं व्यसन नाही, पहाटे बागेत असतो. पाहुणे म्हणतात तुझ्या हाताला यश नाही. असं खरंच असतं का?

उत्तर : नाही ओ दादा, हाताला यश नसणं वगैरे काही नसतं. तुमचं पूर्ण पत्र मोठं आहे, इथं थोडकंच छापलंय, पण त्यात तुम्ही जाता जाता तीन गोष्टी लिहून गेलाय आणि माझ्या मते तुमचा सगळा पैसा त्या तीन ठिकाणीच जातोय.

पहिली सोसायटी. तुम्ही लिहिलंय "माफी येईल म्हणून थांबलो". आता हिशोब बघा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून आपल्याकडं ते शून्य टक्क्यानं पडतं, यातल्या राज्याच्या सवलतीला पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना म्हणतात. मुदत चुकली की सवलत गेली, तीन लाखाला सात टक्क्यानं धरलं तरी वर्षाला 21,000 रुपये, वर थकबाकीचं जादा व्याज वेगळंच, आणि थकीत माणसाला नवीन कर्ज मिळत नाही म्हणून मग सोनं ठेवायचं, त्याचं परत व्याज. भाऊ काय करतो, मार्चमध्ये कुठूनतरी जुळवाजुळव करून भरतो आणि परत उचलतो. बाग तेवढीच, माल तेवढाच, पण त्याचं कर्ज फुकट आणि तुमचं महाग. माफी येते कधीतरी, नाही असं नाही, 2019 ला दोन लाखांपर्यंत आलीच होती, पण तिची वाट बघत किती वर्षं व्याज भरलं ते एकदा मांडून बघा. आणि नियमित फेडणाऱ्यांनाही नंतर 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं होतंच की.

दुसरी औषधाच्या दुकानाची उधारी. द्राक्षाला फवारण्या किती लागतात हे मी तुम्हाला सांगायला नको. कृषी सेवा केंद्रात रोखीचा भाव एक आणि "माल गेल्यावर देतो"चा भाव दुसरा, हे दुकानदार तोंडानं सांगत नाही पण बिलात दिसतं. मी अशा एका दुकानात बसून खातेवही बघितली आहे. वरच्या पानांवर जी नावं होती ते सांगितल्या तारखेला येणारे, थोडं का होईना पण देऊन जाणारे. एखाद्या औषधाचा तुटवडा होणार असला की दुकानदार पहिला फोन त्यांना करतो, डबा बाजूला काढून ठेवतो, डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) टायमाला हा एक डबा वेळेत मिळाला तर बाग वाचते. मागच्या पानांवरच्या माणसाला उरलेलं मिळतं, तेही जास्त भावात, आणि त्याला भांडता येत नाही कारण बाकी आहे. दुकानदार वाईट आहे असं नाही, तो त्याचा धोका भावात धरतोय एवढंच.

तिसरी गोष्ट व्यापारी. किलोला पाच रुपये जास्त देतो म्हणणाऱ्या नवख्या दलालाला दोन वेळा माल दिलात आणि एकदा पैसे बुडाले. आपल्या भागात दर सीझनला हे होतं, गाड्या भरून जातात आणि फोन बंद होतो. भाऊ कमी भावात पण ओळखीच्या माणसाला देतो, नाहीतर सरळ बेदाणा करतो. पाच रुपयांचा मोह सोडणं यालाच मी स्वभाव म्हणते.

म्हणजे कष्ट तुमचे कमी नाहीत. पहाटे उठणं ही चांगली सवय आहे, पण सोसायटीला आणि दुकानदाराला तुम्ही किती वाजता उठता याचं घेणंदेणं नाही, तुम्ही बोलल्या तारखेला येता का एवढंच ते बघतात. तिन्ही एकदम सुधारायला जाऊ नका, जमणार नाही. यंदा मालाचे पैसे आले की आधी सोसायटी नील करा, म्हणजे सगळी बाकी फेडून टाका, सोनं नंतर सोडवा. घरात भांडण होईल हे मला माहीत आहे, तरी हाच क्रम ठेवा, कारण सोसायटी चालू झाली की पुढच्या वर्षी सोनं ठेवायची वेळच येत नाही.

आणि एक, अवकाळीनं बाग गेली त्या वर्षाचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. त्यात स्वभावाचा काही संबंध नाही, तिथं पीकविमा लागतो.

प्रश्न : मी 25 वर्षांचा आहे, सातारा एमआयडीसीत नोकरी, हातात 24,000 येतात. रील्समध्ये बघतो की चहा सोडा, पाचला उठा, श्रीमंत व्हाल. मी दोन महिने चहा सोडला पण महिनाअखेर खिसा तसाच रिकामा. काय चुकतंय?

उत्तर : चहा सुरू कर बाळा. चहात पैसे जात नाहीयेत, तुझ्याच पत्रात क्रेडिट कार्ड आहे आणि "मिनिमम भरतो" असं लिहिलंयस. 50,000 ची बाकी, महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले दोन हजारांच्या वर. तू 2,500 भरतोस त्यातलं मुद्दल किती फिटलं बघ, पाचशेसुद्धा नाही. कंपनीतल्या पतपेढीचं कर्ज असेल तर ते काढ आणि कार्ड बंद कर, ते कितीतरी स्वस्त पडेल.

मग पगाराच्या दुसऱ्याच दिवशी 3,000 ची आरडी (दरमहा ठेवीचं खातं) आपोआप कापली जाईल असं कर. उरलेल्यात महिना काढायचा, उरलं तर टाकू असं नाही, कारण उरत कधीच नाही, कुणाचंच. सात टक्के धरले तर दहा वर्षांत भरलेले 3 लाख 60 हजार आणि हातात येतात पाच लाखांच्या वर. मनाच्या निर्धारावर विसंबू नकोस, तो 20 तारखेपर्यंत टिकत नाही, बँकेची सूचना टिकते.

प्रश्न : मी जत तालुक्यात शिक्षक आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ऊसतोडीला आईबापाबरोबर जातात. अशा लोकांना "चांगल्या सवयी लावा, पैसा येईल" म्हणणं अन्यायाचं वाटत नाही का?

उत्तर : वाटतं सर, आणि तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्याकडून, सीझनच्या आधी उचल घेतली की पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यातच जातात, फिटली नाही की परत पुढच्या वर्षी त्याच्याकडंच. अशा ऊसतोड बाईला काटकसर शिकवायला जाणाऱ्यानं आधी तिची महिनाभराची कमाई विचारावी. सवयीनं पैसा वाढतो तो पोटाच्या वर काहीतरी उरतं त्यांचा. त्याच्या खाली पाणी, दवाखाना आणि मुलांची शाळा पहिली, ते सरकारचं आणि समाजाचं काम आहे. फक्त एक करा, मुलांना कोयत्याचा (ऊस तोडणाऱ्या जोडीचा) हिशोब वाचायला शिकवा, किती टन तोडला, किती कापून घेतले. आईबापाला वाचता येत नाही तिथं पोरानं वाचलं तर मुकादम जपून लिहितो.

प्रश्न : मूळ खानापूर तालुका, आता तामिळनाडूत गलाईचं (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं) दुकान आहे, वडिलांनी चालू केलेलं. मुलगा बी.कॉम. झालाय, दुकानात बसत नाही, मोबाईलवर शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंग करतो. म्हणतो पप्पा तुम्ही तीस वर्षांत कमावलं ते मी तीन वर्षांत कमावेन. कसं समजवू?

उत्तर : आकड्यानं समजवा, रागानं नको. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनंच जाहीर केलंय, 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. त्याला म्हणावं तुझं वर्षभराचं टॅक्स पी अँड एल स्टेटमेंट (नफा-तोट्याचा हिशोब) काढ, ब्रोकरच्या ॲपवर मिळतं, चार्जेस धरून. फायद्याचे स्क्रीनशॉट बघायचे नाहीत.

पण खरं सांगू, तुमच्याकडं दाखवायला त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. विटा-आटपाडीच्या दुष्काळी भागातली माणसं अनोळखी मुलखात गेली, भाषा येत नव्हती, आणि तिथले सराफ त्यांच्या हातात सोनं देत होते वितळवायला. भट्टीत गेलेलं सोनं किती होतं नि परत किती आलं, यात फसवायला जागा भरपूर असते. तरी देशभर गावोगाव गलाईवाले आपल्याच भागातले आहेत, ते कशामुळं? वजनात खोट केली नाही म्हणून, आणि नवीन पोरगं दुकानात ठेवायचं तर गावातल्या कुणीतरी त्याच्याबद्दल शब्द टाकावा लागतो म्हणून. मुलाला एक महिना नुसतं काट्यावर बसवा. धंदा शिकला नाही तरी चालेल, पण समोरचा माणूस पावती न घेता सोनं ठेवून जेवायला का जातो ते त्यानं बघू दे.

प्रश्न : माझे मिस्टर साताऱ्यात सरकारी नोकरीत आहेत. स्वभाव इतका चांगला की कुणीही आलं की जामीन राहतात. आता एका मित्राचे हप्ते थकलेत आणि पतसंस्थेची नोटीस आमच्या घरी आली. ते म्हणतात माणुसकी सोडायची का?

उत्तर : ताई, माणुसकी सोडू नका, सही सोडा. लोकांना वाटतं जामीन म्हणजे नुसती ओळख पटवणं. 1872 च्या करार कायद्याप्रमाणं कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर संस्था आधी कर्जदाराकडं जाऊन मग तुमच्याकडं येईल असंही नाही, ज्याचा पगार चालू आहे त्याच्याकडं ती आधी येते. शिवाय संस्था क्रेडिट कंपन्यांना माहिती देत असेल तर त्याच्या थकबाकीनं यांचाही सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) खराब होऊ शकतो, उद्या तुम्हाला घरासाठी कर्ज काढायचं झालं तर तिथं अडणार.

"नाही" म्हणता न येणं याला आपल्याकडं चांगुलपणा म्हणायची पद्धत आहे, आणि तो बहुतेक वेळा बायकापोरांच्या पैशावर केला जातो, हे मी स्पष्टच लिहिते. मित्राला खरी मदत करायची तर बुडाले तरी चालतील एवढे पैसे हातात द्यावेत, पाच हजार, दहा हजार, आणि विसरून जावं. नाही म्हणायला जीभ अडत असेल तर तुमचं नाव सांगू दे, "घरी विचारल्याशिवाय सही करायची नाही असं ठरलंय". वाईटपणा तुम्ही घ्या, तो घेण्यासारखा आहे.

नोटिशीला उत्तर द्यायची मुदत त्यातच लिहिलेली असते, ती चुकवू नका, वकिलाला दाखवा. आणि दोघं मिळून मित्राकडं जा, त्याच्याकडून थोडी तरी रक्कम भरून घ्या आणि संस्थेला हप्ते पाडून द्यायचा लेखी अर्ज त्याच्याच सहीनं करायला लावा. मिस्टर अजून कुणाकुणाला जामीन आहेत याची यादी त्या दिवशीच त्यांच्याकडून लिहून घ्या, बहुतेक त्यांना स्वतःलाही सगळी आठवणार नाहीत, तेव्हा संस्थांमध्ये जाऊन विचारा.