वाचक विचारतात : घाटापलीकडचा समुद्र आणि वाटेवरची वस्तुसंग्रहालये

प्रश्न : दिवाळीनंतर पाच दिवस आम्ही सांगलीहून स्वतःच्या मोटारीने कोकणात जाणार आहोत. सोबत सत्तरीच्या सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असेल. मुलांना समुद्र हवा आहे, मला वस्तुसंग्रहालये दाखवायची आहेत. मात्र मागच्या सहलीत एकाच दिवशी तीन संग्रहालये पाहिल्यावर मुलांनी पुन्हा तिकडे पाऊल टाकायचे नाही असे ठरवून टाकले. त्यांची गोडी परत कशी लावावी? आणि गोव्यापर्यंत जावे काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : एका दिवसात तीन संग्रहालये मोठ्या माणसांनाही झेपत नाहीत, त्यामुळे मुलांना दोष देऊ नये. दिवसाला एकच संग्रहालय, तेही सकाळी, आणि दुपारनंतर समुद्र, एवढा क्रम पाळावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काचेआडची वस्तू ज्या वाटेने आली, तीच वाट आपली मोटार चालत आहे हे मुलांना कळले पाहिजे. आपल्या सुदैवाने सांगलीकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

पहिला थांबा कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयाचा ठेवावा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा सातवाहन काळातील वस्तूंबरोबर रोमन बनावटीची कांस्यपात्रे आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्याच्या अलीकडे समुद्राचा देव कसा आला, हा प्रश्न मुलांना तिथेच विचारावा आणि उत्तर लगेच सांगू नये. मोसमी वाऱ्यांवर येणारी गलबते पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत माल उतरवीत आणि तो माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई. त्याच दिवशी आंबा घाट उतरताना हे सांगितले, तर वळणावळणांचा तो रस्ता मुले वेगळ्या नजरेने पाहतील. मुलीच्या वयाला तर हा विषय फारच मानवेल.

रत्नागिरीत दोन मुक्काम करावेत. थिबा राजवाड्याची इमारत आणि तेथील संग्रहालय पाहण्याआधी रात्रीच्या जेवणानंतर मुलांना थिबा राजाची गोष्ट सांगून ठेवावी. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या या राजाला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवले. हा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजाचा येथेच मृत्यू झाला, म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर त्याने तीसहून अधिक वर्षे काढली. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी याआधीच ब्रह्मदेशातील रंगूनला धाडले होते. एका राजाला इकडून तिकडे आणि दुसऱ्याला तिकडून इकडे, ही अदलाबदल आठ वर्षांच्या मुलालाही समजते आणि जिव्हारी लागते. राजवाड्यानंतर थिबा पॉइंटवर अवश्य जावे. तेथून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. सासूबाईंना जिने चढवत नसतील तर त्यांनी तळमजला पाहून आवारात बसावे, त्यात काही हुकल्याची रुखरुख बाळगू नये. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान शहरातच आहे. मुलाला कंटाळा आलाच, तर कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील मत्स्यालय दाखवावे. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहून तो नक्की ताजातवाना होईल.

सहलीच्या या दुसऱ्याच दिवशी दुपारनंतर आरे-वारे मार्गाने गणपतीपुळे करावे आणि मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहून परतावे. गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहण्यास उतरू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. वाळू एकाएकी खोल होते आणि ओढ जबर असते. येथे अनेकांचे प्राण गेले आहेत. घोट्यापर्यंतचे पाणी मुलांना पुरेसे आहे. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. हिशेब ढोबळ आहे, पण मुलीला तो करायला लावावा आणि किनाऱ्यावर पडताळूनही पाहू द्यावा.

तिसरा दिवस मालवणच्या प्रवासात जाईल. चौथ्या दिवशी सकाळी होडीने सिंधुदुर्गावर जावे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्या मुलांना शोधायला सांगाव्यात. पावसाळ्यात ही होडी बंद असते. आपण दिवाळीनंतर जाणार असल्याने ती अडचण येऊ नये. होडीत चढता-उतरताना सासूबाईंना दोन्ही बाजूंनी हात द्यावा.

पाचव्या दिवशी परतताना कुडाळजवळच्या पिंगुळीला थांबावे. ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या जपणारे, घरच्या गोठ्याचे रूपांतर करून उभे केलेले संग्रहालय तेथे आहे. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. आमच्या मते या सहलीतले सर्वांत जिवंत संग्रहालय हेच, कारण इथल्या बाहुल्या अजून नाचतात. पुढे सावंतवाडीला चितारआळीतील लाकडी खेळणी पाहावीत, जमल्यास राजवाड्यातील गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, तेही पाहावेत. दशावतारी गंजिफेची गोल पाने १२० असतात. तेथून आंबोली घाटाने चढून आजरा, निपाणीमार्गे सांगली गाठता येईल.

गोवा या वेळी वगळावा. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयालाच अर्धा दिवस हवा आणि सासूबाईंना रोज नव्या गावी मुक्काम सोसणार नाही. निघण्यापूर्वी सुट्टीचे वारही पाहून घ्यावेत. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवारी प्रस्थान ठेवणे उत्तम.

प्रश्न : आम्हाला साताऱ्याहून दोनच दिवस मिळतात. कुंभार्ली घाटाने गुहागरला जाताना वाटेत एखादे संग्रहालय आहे काय? औंधही त्यातच बसवता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वाटेत चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयाचे जुलै २०२१ च्या महापुरात फार मोठे नुकसान झाले. ग्रंथालयाला जोडून स्थानिक वस्तूंचे संग्रहालयही आहे. तासाभराचा वेळ ठेवून तेथे जावे.

औंध मात्र या वाटेवर नाही आणि घाईत पाहण्यासारखेही नाही. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत, तसेच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्पही आहे. त्यासाठी एखादा रविवार वेगळा काढावा, आणि संग्रहालय यमाईच्या टेकडीवर असल्याने उन्हे चढण्यापूर्वी तेथे पोहोचावे.