रिझनिंग बँकेच्या परीक्षेला लागतं, नर्सिंगला कशाला?

नमस्कार भाऊ,

पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, लातूरला क्लास, बायोलॉजी तोंडपाठ पण विधान-कारणवाले प्रश्न (दोन वाक्यं देतात, दुसरं हे पहिल्याचं कारण आहे का ते ओळखायचं) आले की अडकते, आणि क्लासचे सर म्हणाले रिझनिंग कच्चंय. तुमचं म्हणणं, ते तर बँकेच्या नाहीतर पोलीस भरतीच्या परीक्षेला असतं, पोरीला नर्सिंगला जायचंय, तिला ते कशाला?

अ हा ब चा मामा, पाच जण गोल टेबलाभोवती बसलेत, असलं काही वॉर्डात कोणी विचारत नाही हे खरंय. (बीएससी नर्सिंगच्या सीईटीला १०० पैकी २० मार्क नर्सिंग ॲप्टिट्यूडला असतात, तेवढं मात्र करून घ्या.) सर म्हणतायत ते वेगळंय.

समजा १२ किलोचं पोरगं तापाने फणफणलंय, डॉक्टरांनी किलोला १५ एमजी हिशोबाने पॅरासिटामॉल सांगितलं, म्हणजे १८० एमजी. सिरप ५ एमएलला १२० एमजीवालं असेल तर साडेसात एमएल द्यायचं, आणि २५० वालं असेल तर ३.६ एमएलच. औषधाचं नाव तेच, आणि काल साडेसात दिलं म्हणून आजही दिलं तर डबलपेक्षा जास्त डोस गेला ना. आता हे काय पाठांतराने कळणारे?

माझी बहीण डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून एका छोट्या लॅबमध्ये होती. एका आजोबांचा रिपोर्ट आला, पोटॅशियम ८ च्या वर, कॅल्शियम एकदम तळाला, आणि आजोबा स्वतः चालत येऊन बाहेर बाकावर पेपर वाचत बसलेले. तिला पटेना. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, त्यात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणजे कोणीतरी त्या ट्यूबमधलं रक्त या तपासणीच्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतलं असणार. परत सॅम्पल घेतलं, सगळं नॉर्मल. आता पोटॅशियमची ३.५ ते ५ ही नॉर्मल रेंज पाठ होती म्हणूनच तिला खटकलं, त्यामुळे पाठांतराला मी नावं ठेवत नाही, पण मशीनने आकडा दिला म्हणून ती सही करून मोकळी झाली नाही, सर बोलतायत ते हे.

आता करायचं काय, तर विधान-कारण प्रश्नात दोन वाक्यांच्या मधे ‘कारण’ टाकून तिला मराठीत मोठ्याने वाचायला लावा. ‘धमनीची भिंत जाड असते, कारण धमनीत झडपा नसतात.’ दोन्ही खरं, पण जोडलं की कानाला खटकतं, भिंत जाड असते ती दाबामुळे. रोज पाच प्रश्न असे केले तरी पुरे, नवीन क्लास लावू नका, पैसे जातील नुसते.

आणि तुम्ही लिहिलंय घरी सोयाबीन आहे. एकराला एवढं औषध, पंप १५ लिटरचा, एकराला पंप किती लागतात, मग एका पंपाला औषध किती, हे गणित तुम्ही बांधावर उभ्या उभ्या करता की. सलाइनचे थेंब मोजायचं गणित याच घरातलं आहे बघा, ५०० एमएल ४ तासात, एमएलला २० थेंबांचा सेट, तर मिनिटाला साधारण ४२. पुढच्या फवारणीचा हिशोब तिच्याकडून करून घ्या, औषधाला हात लावू देऊ नका, फक्त वही-पेन. चुकली तर लगेच उत्तर सांगू नका, कसं काढलं ते विचारा.

नर्सिंग का डीएमएलटी हे तिला एकदा दोन्हीकडचं काम दाखवून मग ठरवू. सीईटीचा फॉर्म तेवढा शेवटच्या दिवसावर ठेवू नका, साइट हमखास अडकते.