विकिपीडियावरील मजकूर, छायाचित्रे आणि वाद : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात मी बडोद्यातील वास्तू, संस्था आणि माणसे यांविषयी वाचकांनी मराठी विकिपीडियावर लिहावे, असे आवाहन केले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत उत्साह आहेच, परंतु लिहिलेले काढून टाकले गेल्याचे दुःख त्याहून अधिक आहे. या मुक्त ज्ञानकोशावर ‘अलीकडील बदल’ तपासणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मीही एक आहे. म्हणजे ज्यांनी आपला मजकूर काढला, त्यांच्याच बाजूचा मी माणूस आहे. हे आधी सांगून पाच पत्रांना उत्तरे देतो.

प्रश्न : कीर्तिमंदिराच्या पानात मी एका जुन्या स्मरणिकेतील चार परिच्छेद घातले आणि तेथील भित्तिचित्रांची स्वतः काढलेली छायाचित्रे चढवली. मजकूर तासाभरात गेला, छायाचित्रे आठवड्याने गेली. स्मरणिकेचे नाव मी तळटीपेत दिले होते आणि कॅमेरा माझाच होता. मग माझी चोरी कोणती?
– एक वाचक भगिनी, दांडिया बाजार

उत्तर : आपण चोरी केली असे कोणीही म्हणू नये, आणि तसे कोणी लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे लेखाविषयी सदस्य जेथे बोलतात त्या जोडपानावर, लिहिले असेल, तर लिहिणाऱ्याचे चुकले. आपला हेतू स्वच्छ आहे. परंतु श्रेय देणे वेगळे आणि परवानगी असणे वेगळे. खाली नाव लिहिले की झाले, अशी सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असल्यामुळे बहुतेक नवे लेखक पहिल्यांदा अडखळतात ते येथेच. माहिती कोठून आली हे तळटीप सांगते. दुसऱ्याची वाक्ये जशीच्या तशी छापण्याचा अधिकार ती देत नाही. विकिपीडियावरील मजकूर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.०’ या परवान्याखाली प्रसिद्ध होतो. श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे कायम ठेवून कोणीही तो मजकूर घेऊ शकतो, बदलू शकतो, त्याचे पुस्तक काढून विकूही शकतो. बदल प्रकाशित करताना आपण स्मरणिकेच्या लेखकाच्या वतीने ही मुभा साऱ्या जगाला देऊन टाकली, आणि त्या लेखकाला त्याची कल्पनाही नव्हती. मजकूर इतक्या लवकर काढण्याचे कारण हेच आहे, कारण तो जितका काळ राहील तितक्या ठिकाणी त्याच्या नकला होत जातात आणि मग त्या परत गोळा करता येत नाहीत.

माहिती मात्र कोणाच्याही मालकीची नसते. आर. जी. आनंद यांच्या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की कल्पना, विषय किंवा ऐतिहासिक घटना यांवर प्रताधिकार (कॉपीराइट) नसतो. तो असतो मांडणीवर. तेव्हा कीर्तिमंदिर हे तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्याचे स्मारक म्हणून उभारले, त्यात नंदलाल बोस यांनी गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारतातील युद्ध आणि नटीर पूजा हे विषय भिंतींवर रंगवले, हे सारे आपण अवश्य लिहावे आणि स्मरणिकेचा संदर्भही द्यावा. फक्त वाक्ये आपली असावीत. ‘उभारले’च्या जागी ‘बांधले’ आणि ‘विख्यात’च्या जागी ‘प्रसिद्ध’ घातल्याने वाक्य आपले होत नाही. परिच्छेदाची चाल तीच राहते आणि तपासणाऱ्याला ती ओळखू येते. दोन-तीन साधने वाचावीत, टिपणे काढावीत, पुस्तक मिटावे आणि दुसऱ्या दिवशी केवळ टिपणांवरून लिहावे. मी स्वतः याच रीतीने लिहितो आणि ही रीत जुन्या अभ्यासकांच्या घरात पाहिलेली आहे.

छायाचित्रांची बाब अधिक गुंतागुंतीची आहे आणि ती बडोदेकरांनी नीट समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. कॅमेरा आपला असला तरी ज्याचे छायाचित्र घेतले ती कलाकृती दुसऱ्याची असते. आपल्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ वास्तूचे छायाचित्र प्रसिद्ध करण्याची मोकळीक देते, आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचेही. म्हणून कीर्तिमंदिराचे बाहेरून घेतलेले छायाचित्र राहील, आणि घोड्यावर आरूढ सयाजीरावांचा जो पुतळा आपण काळा घोडा म्हणून ओळखतो, त्याचेही राहील. चित्रांना मात्र ही मोकळीक नाही, मग ते चित्र भिंतीवर कायमचे रंगवलेले का असेना. नंदलाल बोस यांचे निधन १९६६ मध्ये झाले. सर्वसाधारण नियमाप्रमाणे कलावंताच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजतात, म्हणजे ही मुदत ३१ डिसेंबर २०२६ रोजी पुरी होते. त्यानंतरही घाई करू नये, कारण छायाचित्रे जेथे साठवली जातात त्या विकिमीडिया कॉमन्सवर मूळ देशाबरोबरच अमेरिकेच्या कायद्यानेही कलाकृती मुक्त असावी लागते आणि तेथील मुदत वेगळ्या रीतीने मोजली जाते. याउलट तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रे एकोणिसाव्या शतकातील आहेत. त्यांना ही अडचण नाही. राजा रविवर्मा यांचे निधन १९०६ चे, त्यामुळे त्यांची चित्रेही मुक्त आहेत. आपला कॅमेरा आणि आपली चिकाटी यांचा उपयोग तूर्त तेथे करावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : इंग्रजी विकिपीडियावरील लेख मराठीत भाषांतरित करून घातला, तरीही त्यावर सूचना लावली गेली. तो मजकूर तर मुक्त आहे ना?
– एक विद्यार्थी, फतेगंज

उत्तर : मुक्त आहे, पण निनावी नाही. मूळ लेख ज्यांनी लिहिला त्यांचे श्रेय परवान्यानेच बंधनकारक केले आहे. बदलाचा सारांश लिहिण्याच्या चौकटीत ‘इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखाचे भाषांतर’ असे लिहून त्या लेखाचा दुवा द्यावा. आधी राहून गेले असेल, तर नंतरच्या बदलाच्या सारांशात लिहिले तरी चालते. ती सूचना यंत्राने केलेले भाषांतर न तपासता घातल्याबद्दलची असेल, तर मात्र दुवा देऊन भागणार नाही. मग प्रत्येक वाक्य मराठीत पुन्हा बसवावे लागेल.

प्रश्न : माझ्या मामांनी बडोदे संस्थानाच्या कारभारावर एक पुस्तक लिहिले होते. त्यांचे निधन १९७१ मध्ये झाले. पुस्तक आज कोठेही मिळत नाही. मामेभावाच्या तोंडी संमतीने मी त्यातील दोन प्रकरणे विकिपीडियावर घातली. ती काढण्यात आली. घरच्यांची हरकत नसताना तिऱ्हाइताने हरकत का घ्यावी?
– एक निवृत्त प्राध्यापक, रावपुरा

उत्तर : सर, आपली तळमळ मी समजू शकतो. न मिळणारे पुस्तक लोकांसमोर यावे, या इच्छेपोटीच आमच्यातले कित्येक जण या कामात आले आहेत. परंतु तपासणारा स्वयंसेवक आपल्याला किंवा आपल्या मामेभावाला ओळखत नाही. त्याच्यासमोर असते एक सदस्यनाव आणि कोणाच्या तरी पुस्तकातील मजकूर. उद्या दुसरा कोणी ‘वारसांनी हो म्हटले आहे’ असे खोटेच लिहील, तर त्या दोघांतील फरक त्याने कसा ओळखावा?

मुदतीचा हिशेब असा आहे. १९७१ नंतर ६० वर्षे म्हणजे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हक्क मामांच्या वारसांकडे आहेत, अर्थात त्यांनी ते प्रकाशकाला लिहून दिले नसतील तर. म्हणून आधी जुना करारनामा शोधावा. (पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत आली, त्या सुमारास ती ६० करण्यात आली.) हक्क वारसांकडेच असतील, तर सर्व वारसांनी मिळून लेखी संमती द्यावी आणि ती विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या, परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवक पथकाकडे ई-मेलने पाठवावी. त्यात पुस्तकाचे नाव, परवान्याचे नाव आणि ही संमती मागे घेता येणार नाही याची जाणीव स्पष्ट असावी. ‘फक्त विकिपीडियासाठी परवानगी’ असे लिहिले, तर ती स्वीकारली जात नाही, कारण तेथील मजकूर इतरांना, व्यापारासाठीसुद्धा, वापरता आलाच पाहिजे. ही गोष्ट वारसांना समोर बसवून समजावून सांगावी. एखाद्याला ती मान्य नसेल, तर त्याला कमी उदार समजू नये; बापाच्या कष्टाचे पुस्तक कोणी विकू शकेल, हा विचार जड जाणे स्वाभाविक आहे.

संमती मिळाल्यानंतरही ते पुस्तक विकिपीडियाच्या पानात भरू नये. अखंड ग्रंथांसाठी विकिस्रोत हा वेगळा प्रकल्प आहे. तेथे पाने छापील प्रतीशी ताडून जशीच्या तशी ठेवली जातात आणि मामांचा एकही शब्द कोणी बदलत नाही. विकिपीडियावर त्यांची मते इतर अभ्यासकांच्या मतांशेजारी बसतील, काही ठिकाणी खोडूनही निघतील. आपल्याला कोणते अधिक समाधान देईल, याचा विचार करावा. मला विचाराल, तर विकिस्रोत. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे निधन १९३७ मधले असल्याने त्यांचे स्वतःचे लेखन प्रताधिकारमुक्त आहे, तरीही त्यातील उतारे आजच्या विश्वकोशीय लेखात तसेच्या तसे घालणे मला पटत नाही. ते त्यांच्या काळाच्या साक्षीसह, त्यांच्या नावाने वाचले जावे.

प्रश्न : मी पानाच्या शीर्षकात ‘बडोदे’ लिहितो, दुसरा एक सदस्य ते ‘वडोदरा’ करतो. सहा वेळा असे झाल्यावर पान सुरक्षित करून बंद केले गेले, आणि तेही त्याच्या आवृत्तीवर. आमच्या पिढ्या येथे बडोदे म्हणत आल्या. प्रचालक त्याला सामील आहेत का?
– एक वाचक, मांडवी

उत्तर : वादात पान सुरक्षित करणारा प्रचालक त्या क्षणी जी आवृत्ती असेल तीवरच ते थांबवतो. उद्देश एवढाच असतो की दोघांनी उलटवणे थांबवून बोलावे. प्रचालकाला पाने सुरक्षित करण्याची, काढण्याची आणि सदस्यांना रोखण्याची साधने समाजाने दिलेली असतात, परंतु शीर्षक काय असावे याबाबत त्याचे मत आपल्या मताहून जड नसते. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे काम उलटवणाऱ्याला रोखले जाऊ शकते, आणि त्याची बाजू बरोबर होती की नाही, हे तेथे पाहिले जात नाही. मला तो नियम योग्य वाटतो. ज्याचा हात आधी थकतो तो हरला, असे ठरू लागले तर वाचकाच्या हाती काहीच लागणार नाही.

आता मूळ मुद्दा. ‘आम्ही म्हणत आलो’ हे खरे असले, तरी तो पुरावा नाही. छापील पुरावा द्यावा लागतो, आणि सुदैवाने तो भरपूर आहे. येथील मराठी वाङ्मय परिषद स्वतःच्या नावात बडोदे लावते, आणि जुन्या मराठी चरित्रग्रंथांतही तेच रूप आहे. समोरच्या सदस्याकडेही आधार आहे: १९७४ पासून शहराचे अधिकृत नाव वडोदरा आहे. दोघेही खरे बोलत आहात. १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले ते बडोदे संस्थान. आज महानगरपालिका आहे ती वडोदरा शहराची. त्यामुळे इतिहासाच्या लेखांत एक आणि आजच्या शहराच्या लेखात दुसरे नाव ठेवावे, पहिल्या वाक्यात दोन्ही रूपे द्यावीत आणि एका नावावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे बडोदे शोधणारा वाचक कोठेही अडणार नाही. हा प्रस्ताव आपण संदर्भांसह चर्चा पानावर मांडावा, आठवडाभर थांबावे आणि उत्तर आले नाही तर चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, इतर सदस्यांना बोलवावे. मांडताना त्या सदस्याच्या मराठीपणाविषयी एक शब्दही लिहू नये. आपल्या पत्रात त्याच्याविषयी तसे दोन शब्द आहेत. ते येथे छापलेले नाहीत.

या संदर्भात माझी एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका नव्या सदस्याने आपल्या गावावर लिहिलेला लेख एका संकेतस्थळावरील मजकुराशी जुळतो, असे पाहून मी तो तत्काळ काढण्यासाठी सुचवला. त्याच्या चर्चा पानावर ठरावीक साच्यातील सूचनेपलीकडे एक ओळही मी लिहिली नाही. पुढे पानाचा इतिहास तपासला, तेव्हा विकिपीडियावरील लेख आधीचा निघाला. नक्कल त्या संकेतस्थळाने केली होती. लेख परत आणला, क्षमाही मागितली, पण तो सदस्य पुन्हा लिहिताना मला दिसला नाही. तेव्हापासून दोन्हीकडच्या तारखा ताडल्याशिवाय मी कोणताही मजकूर काढत नाही, आणि काढलाच तर कारण माझ्या शब्दांत लिहितो. आपल्या बाबतीत कोणी तसे लिहिले नसेल, तर त्याला विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : मी ज्या संस्थेत नोकरी करतो तिच्या पानावर एका जुन्या वादाचा परिच्छेद आहे. तो अपुरा आणि एकांगी आहे. वरिष्ठांनी मला तो काढण्यास सांगितले आहे. काढू का?
– नाव न छापण्याच्या विनंतीसह

उत्तर : स्वतः काढू नये. नोकरीचा भाग म्हणून संपादन करत असाल, तर विकिमीडियाच्या वापरअटींनुसार तसे जाहीर करणे २०१४ पासून बंधनकारक आहे. आपल्या सदस्य पानावर संस्थेचे नाव लिहावे. त्यानंतर त्या पानाच्या चर्चेत कोणते वाक्य कोणत्या कारणाने अपुरे आहे ते सांगावे आणि पुढे काय निकाल लागला याची वृत्तपत्रीय किंवा न्यायालयीन नोंद जोडावी. न्यायालयाचा निर्णय प्रसिद्ध करण्यास प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२ ची हरकत नाही; तो प्रसिद्ध करणेच न्यायालयाने मना केलेले असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे तो उद्धृत करण्यातही अडचण येऊ नये. परिच्छेद संपूर्ण जाईल, असे मात्र वरिष्ठांना सांगू नका. विश्वसनीय साधनांत त्या वादाची नोंद असेल, तर तो राहील. आपण दिलेल्या पुराव्याने तो पुरा होईल, एवढेच आपण त्यांना सांगू शकता.