दाढेचा ठणका थांबला, तरी रूट कॅनल का?

प्रश्न : माझी खालची किडलेली दाढ दोन महिन्यांपूर्वी रात्ररात्र ठणकत असे. गार पाण्याची चूळ धरली की तेवढ्यापुरते बरे वाटे. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून घेतल्या आणि काही दिवसांनी दुखणे थांबले. आता हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते आणि पुन्हा येते. दुखत मात्र नाही. दंतवैद्य रूट कॅनल करायला सांगतात. दुखत नसताना हा खर्च करावा, की दाढ काढूनच टाकावी? मला मधुमेह आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली दाढ बरी झालेली नाही. आपण दिलेल्या वर्णनावरून तिची नस मेली असावी आणि ठणका त्यामुळेच थांबला असावा, असे दिसते.

दाताच्या कठीण कवचाच्या आत, थेट मुळांच्या टोकापर्यंत, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गाभा असतो. त्यालाच आपण बोलताना नस म्हणतो. कीड त्याच्यापर्यंत पोहोचली की तो सुजतो, पण चारी बाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे सुजेला पसरायला जागा मिळत नाही, आतला दाब वाढत जातो आणि आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा जोर वाढत असल्याने रात्रीचा ठणका असह्य होतो. गरम चहाने उठणारी आणि गार पाण्याने शमणारी कळ हे गाभा वाचण्यापलीकडे गेल्याचे ठळक लक्षण आहे. पुढे तो मरतो, वेदना सांगणारे तंतूच उरत नाहीत आणि माणसाला वाटते की गोळ्यांनी गुण आला. जंतू मात्र आतच राहतात, मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात शिरतात आणि तिथला पू वाट काढत हिरडीवर येतो. ती वाट उघडी असल्यामुळे दाब साचत नाही, म्हणून आपली पुळी दुखत नाही.

अँटिबायोटिक रक्तातून पोहोचते आणि मेलेल्या गाभ्यात रक्त जातच नाही; त्यामुळे अशा गोळ्यांनी आजूबाजूची सूज उतरली तरी मूळ जागा तशीच राहते. दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची ही सवय कृपया सोडावी.

प्रत्येक दुखऱ्या दाताला रूट कॅनल लागते असे मुळीच नाही. गार लागल्यावर दात शिवशिवतो आणि काही सेकंदांत थांबतो, तेव्हा बहुधा कीड काढून दात भरणे पुरते. म्हणून गार कापसाचा बोळा लावून, दातावर हलके ठोकून आणि एक्स-रे पाहूनच निर्णय व्हायला हवा. आपला एक्स-रे काढला असेल, तर मुळाच्या टोकाशी दिसणारी काळसर छाया दंतवैद्यांना दाखवायला सांगा. ती पाहिल्यावर शंका राहणार नाही.

रूट कॅनलच्या उपचारात दाढेला वरून छिद्र पाडून मृत गाभा काढतात, मुळांतल्या नळ्या बारीक फाइलींनी घासून सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावाने धुतात आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात. खालच्या दाढेत अशा नळ्या सहसा 3 किंवा 4 असतात आणि एखादी सुटली तर त्रास पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून या कामात घाई नको. गरजेप्रमाणे भूल दिली जाते, त्यामुळे लोक ऐकून घाबरतात तेवढे ते दुखत नाही. नंतर 2-3 दिवस चावताना दुखरेपणा जाणवू शकतो.

दाढ काढणे स्वस्त वाटते, पण मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात, वरचा दात खाली उतरतो आणि पुढे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) किंवा इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून बसवलेल्या दाताचा) खर्च येतोच. मूळ उभे चिरले असेल किंवा दाताचा फारच थोडा भाग शिल्लक असेल, तर मात्र काढणेच योग्य.

मधुमेहामुळे आपण अधिक टाळाटाळ करू नये. जंतुसंसर्गाने साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने जखम लवकर भरत नाही. उपचाराच्या दिवशी नेहमीची औषधे घेऊन, जेवूनच जावे आणि साखरेचा ताजा अहवाल सोबत न्यावा. जबड्याखाली सूज आली, ताप चढला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : रूट कॅनल झाले, दुखणेही गेले. आता कॅप (दातावर बसवायचे कृत्रिम आवरण) बसवलीच पाहिजे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दाढ असेल तर बहुतेक वेळा होय. किडीने आणि उपचारासाठी पाडलेल्या छिद्राने तिच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात आणि चघळण्याचा सगळा जोर तिच्यावर येतो. सुपारी किंवा भाजलेला हरभरा चावताना ती मुळापर्यंत चिरली, तर मग काढण्यावाचून इलाज नसतो. पुढचा दात फारसा झिजलेला नसल्यास नुसते भरणेही पुरू शकते. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कडक खाऊ नये आणि वरचे तात्पुरते सिमेंट निघाले, तर लगेच दाखवावे, कारण तिथून लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात.