विंडोज ११ मध्ये काय सुधारायला हवं, आणि मागून मिळतं का?

मिळतं, पण वाट बघायला लावतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा टास्कबारच्या बटणांवरची नावंच गायब होती. वर्डच्या चार फायली उघड्या, आणि खाली दिसतं एकच चिन्ह! लोकांनी दोन वर्षं ओरडा केला, तेव्हा २०२३ मध्ये नावं परत आली. फाइल एक्सप्लोररमधले टॅबही २०२२ मध्ये असेच मागून मागून मिळाले.

माझी मागणी किरकोळ आहे. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर 'दुसऱ्या' लिहायचं तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. शिफ्ट राहिलं की रफार थेट 'या'च्या डोक्यावर जाऊन बसतो. घाईत तर हमखास. तिथे कळफलकानेच हळूच 'ऱ' सुचवावा. परस्पर बदलू मात्र नये, नाहीतर जिथे रफारच हवा त्या 'सूर्या'ची वाट लागेल.

तुमची मागणी टाकायची असेल तर विंडोज आणि एफ या कळा एकत्र दाबा, फीडबॅक हब हे सूचना पाठवायचं अ‍ॅप उघडेल. नवीन लिहिण्याआधी शोधून बघा. तीच मागणी कुणी आधी टाकली असेल तर तिलाच मत द्या. एकाच गोष्टीच्या दहा चिठ्ठ्या झाल्या की मतं विखुरतात.