यीस्टवर पीएचडी करू की कॅन्सरवर?

प्रश्न : मी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यीस्टमधल्या आरएनए स्प्लायसिंगच्या (जनुकाच्या आरएनए प्रतीतले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडण्याच्या) प्रथिनांवर पीएचडी करायची संधी चालून आली आहे. बाबा म्हणतात, "पावाच्या यीस्टवर पाच वर्षं घालवण्यापेक्षा कॅन्सरवर काम कर." या प्रथिनांच्या रचना आता कळल्याच आहेत, मग माझ्यासाठी उरलंय काय, असं मलाही वाटतं. काय करू?

उत्तर : आधी बाबांच्या शंकेचं बघू. पीआरपी8 हे प्रथिन स्प्लायसिओसोमच्या, म्हणजे स्प्लायसिंग करणाऱ्या प्रथिनं-आरएनएच्या यंत्राच्या, अगदी गाभ्यात बसतं. यीस्टमध्ये ते 2413 अमिनो आम्लांचं आहे आणि माणसातल्या त्याच प्रथिनाशी 60 टक्क्यांहून जास्त जुळतं. माणसात त्याच्या जनुकात बिघाड झाला, तर रेटिनायटिस पिग्मेंटोजा हा दृष्टी हिरावणारा आजार होऊ शकतो. स्नायू दुबळे करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीवरचं न्यूसिनर्सेन हे 2016 साली मंजूर झालेलं औषधही स्प्लायसिंगमध्येच हस्तक्षेप करतं. तेव्हा 'पावाचं यीस्ट' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

मग माणसाच्या पेशी सोडून यीस्टच का? त्याच्या सुमारे 6000 जनुकांत इंट्रॉन (स्प्लायसिंगमध्ये कापून टाकायचे तुकडे) जेमतेम 300, आणि हवा तो बदल करून परिणाम चटकन बघता येतो. मखमलीच्या कापडाने एकाच प्लेटवरच्या कॉलन्यांचे (एकेका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्यांचे) ठसे दोन नव्या प्लेटींवर उमटवायचे, एक 25 अंशांना ठेवायची, दुसरी 37 ला. दुसरीवर एखादी कॉलनी उगवलीच नाही, तर तिथे तापमान न सोसणारा म्यूटंट (जनुकात बदल झालेला वाण) आहे. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ ली हार्टवेल यांनी 1960 च्या दशकात असे म्यूटंट गोळा केले होते. 1977 मध्ये स्प्लायसिंगचा शोध लागला, आणि त्यांतले काही म्यूटंट स्प्लायसिंगचेच असल्याचं पुढे उघड झालं. पीआरपी हे नाव त्यांना नंतर मिळालं.

आता तुझी शंका. 2015 पासून क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉनांनी चित्रं घेण्याच्या तंत्राने) स्प्लायसिओसोमच्या एकामागून एक अवस्था दाखवल्या, हे खरं. पण ती स्थिरचित्रं आहेत. कात्री चालवायचं काम मुळात आरएनएचं. प्रथिनं त्याला धरून ठेवतात, वळवतात आणि तपासतात. पीआरपी16 हे प्रथिन एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून स्प्लायसिंगच्या पहिल्या टप्प्यानंतरची मांडणी बदलतं. त्यात बिघाड झाला, की एरवी अडवला गेला असता असा सदोष आरएनएही पुढे सटकतो. म्हणजे हे प्रथिन पहारेकरीही आहे. योग्य-अयोग्य ते नेमकं कसं ठरवतं, यात अजून भरपूर काम आहे.

सावध मात्र एका बाबतीत करतो. ही प्रथिनं सुखासुखी हाती येत नाहीत. लिटरच्या लिटर कल्चर वाढवा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या पेशी दळा, कोल्ड रूममध्ये कुडकुडत प्रथिन वेगळं करणारा कॉलम चालवा, आणि शेवटी जेलवर प्रथिनाची पुसटशी पट्टी. असल्या कामाने वैताग येणार असेल, तर विषय कितीही मोठा असो, जाऊ नकोस. ते जमलं, तर प्रथिन शुद्धीकरण, जनुकशास्त्र आणि मायक्रोस्कोपच्या डेटासाठी लागणारं प्रोग्रॅमिंग हाताशी येतं. कॅन्सरच्या लॅबलाही हीच माणसं हवी असतात.

होकार कळवण्याआधी गाइडना दोन गोष्टी स्पष्ट विचार : मायक्रोस्कोपवर वेळ कुठे आणि किती मिळतो, आणि आधीचे विद्यार्थी सध्या काय करतात. त्या विद्यार्थ्यांपैकी एकाशी गाइडच्या माघारी बोल. आणि एका संध्याकाळी प्रोटीन डेटा बँकेतून यीस्टच्या स्प्लायसिओसोमची रचना उतरवून घे, कायमेराएक्स या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघड, पीआरपी8 ला एक रंग दे, आरएनएला दुसरा. तासाभराने कंटाळलीस की जेवायला हाक मारली तरी उठली नाहीस, ते मला कळव.