लिपी वाचता येत नसेल, तर प्राचीन धार्मिक हस्तलिखितांचं प्रदर्शन बघण्यात अर्थ आहे का?

लिपी येत नाही, भाषा कळत नाही, देवाधर्माचीही फारशी ओढ नाही, मग काचेआडची पिवळी पानं बघून करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. हाच प्रश्न घेऊन मी पहिल्यांदा असं प्रदर्शन बघायला गेलो आणि वीस मिनिटांत बाहेर पडलो. प्रत्येक काचेपाशी पाटी वाचायची, पानाकडे एक नजर टाकायची, पुढे सरकायचं. प्रदर्शन हस्तलिखितांचं आणि वाचून आलो पाट्या! दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सोबत या विषयातला एक मित्र होता. तो फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "वाचायचं सोड, चुका शोध."

समोर एक पोथी होती. काळ्याभोर ओळी, एकसारखी अक्षरं, अगदी मोत्याची माळ. पण मधेच दोन अक्षरांच्या फटीत कावळ्याच्या पायासारखी बारीक खूण, आणि बाजूच्या समासात तीन-चार अक्षरं कोंबलेली. या खुणेला काकपद म्हणतात. लिहिताना काहीतरी गळलं, नंतर लक्षात आलं, मग ते समासात लिहून इथे जोडा म्हणून खूण केली. हे कळायला लिपी यावी लागत नाही. शाळेच्या वहीत आपणही हेच करत होतो.

त्याच पानावर एके ठिकाणी पिवळा पट्टा होता. मला वाटलं, डाग. तो हरताळ. आर्सेनिक आणि गंधकाचं हे पिवळंधमक खनिज खलून त्याचा लेप चुकलेल्या अक्षरांवर द्यायचा आणि वाळला की त्यावर नव्याने लिहायचं. 'हरताळ फासणे' आपण आयुष्यभर म्हणतो, पण फासलेला हरताळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

चुका बहुतेक कशा होतात तेही मित्राने सांगितलं. नकलनवीस मूळ पोथीतली ओळ बघतो, मान वळवून लिहितो, पुन्हा मूळ पोथीकडे बघतो. तोच शब्द खाली परत आला असेल तर नजर थेट त्या दुसऱ्या जागी पडते आणि मधला मजकूर गळतो. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांतलं आहे. तिथे 1947 च्या सुमारास मेंढपाळांना चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यातली बायबलमधल्या यशया नावाच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी 7 मीटरहून लांब आहे. चामड्याचे 17 तुकडे शिवून ती केलीय आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिच्या चाळिसाव्या अध्यायात 'गवत वाळतं, फूल कोमेजतं' हे शब्द लागोपाठच्या दोन वचनांत येतात. लिहिणारा पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेलेला दिसतो. नंतर कोणीतरी गळलेला मजकूर ओळींच्या मधे सुरू करून कडेने खाली उतरवत नेला. त्यात देवाचं नाव यायला हवं, तिथे नाव न लिहिता चार ठिपके दिलेत. एवढ्या दाटीवाटीतही तो आदर सुटलेला नाही. आणि दुसऱ्या वचनाचा शेवट काय, तर आमच्या देवाचं वचन सर्वकाळ टिकतं! (मूळ गुंडाळी क्वचितच बाहेर काढतात. जेरुसलेमच्या संग्रहालयातही एरवी प्रतिकृती दिसते. त्याने हिरमुसू नका, ठिपके प्रतिकृतीतही आहेत.)

चौथ्या शतकातली ग्रीक बायबलची प्रसिद्ध सिनाई प्रत तर दुरुस्त्यांनी भरलेली आहे. नंतरच्या अनेक हातांनी ती शतकानुशतकं तपासली. म्हणजे 'पवित्र' म्हणून कोणी ती नुसती पूजेला ठेवली नव्हती. श्रद्धा होती म्हणूनच एकेक अक्षर तपासलं जात होतं. देवाधर्माची ओढ नसलेल्या माणसालाही इथे थांबावंसं वाटतं, मला तरी वाटलं.

चुकांनंतर भोकं शोधा. ताडपत्राच्या पानाला एक किंवा दोन भोकं असतात, त्यांतून दोरी ओवून पानं बांधायची. 'ग्रंथ' शब्दाच्या मुळाशी हे बांधणंच आहे. पुढे कागद आला, दोरीची गरज संपली, तरी कल्पसूत्र या जैन धर्मग्रंथाच्या कागदी पोथ्यांत पानाच्या मधोमध मोकळी जागा सोडून तिथे लाल ठिपका काढलेला दिसतो. भोक गेलं, भोकाची जागा राहिली. पानाचा आडवा लांबट आकारही तसाच ताडपत्राकडून आलेला. चामड्याचं पान असेल तर केसांची बाजू पिवळसर आणि आतली पांढरट दिसते. तिरपं वाकून पाहिलंत तर आखलेल्या रेघांचे वळ आणि कडेला टोचलेली बारीक छिद्रंही दिसतील.

पाटीवरच्या सालाबद्दल मात्र जरा सावध राहा. बर्मिंगहॅमच्या कुराणाच्या दोन पानांची कार्बन-चाचणी 568 ते 645 असा काळ सांगते, पण तो काळ जनावराच्या कातड्याचा आहे, त्यावरच्या शाईचा नव्हे. आणि पान जुनं तेवढा ग्रंथ जुना, असंही नसतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ज्या 30 पोथ्यांची युनेस्कोने 2007 मध्ये नोंद घेतली, त्यांतली सगळ्यात जुनी 1464 ची आहे. ऋचा त्याच्या कितीतरी आधीच्या. त्या जपल्या पाठांतराने, तोंडून तोंडी. उलट गांधारच्या (आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तान भागातल्या) बौद्धांची, खरोष्ठी लिपीत झाडाच्या सालीवर लिहिलेली भूर्जपत्रं सुमारे दोन हजार वर्षांची, कारण ती मातीच्या घड्यांत ठेवली गेली होती.

अंधाराची तक्रार बहुतेक जण करतात. शाई आणि रंग उजेडाने उडतात, म्हणून अशा वस्तूंवर साधारण 50 लक्स एवढाच प्रकाश ठेवायची पद्धत आहे. आत गेल्यावर पाचेक मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावतात. फोनचा फ्लॅश आधीच बंद करा. माझा चुकून उडाला होता आणि रखवालदाराने सगळ्यांसमोर झापलं. बरोबरच होतं त्याचं. जवळचा चष्मा असेल तर तो विसरू नका. सगळी दालनं बघायचा हट्टही नको. चार-पाच पानं निवडा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं द्या.

एवढं करून वेळ उरला तर पानांचे कोपरे बघा. जिथे बोटं लागायची तिथे पान काळवंडलेलं असतं. युरोपातल्या मध्ययुगीन प्रार्थनापुस्तकांवरचा हा मळ यंत्राने मोजून कुठली प्रार्थना जास्त वाचली जायची, याचा अंदाजही अभ्यासकांनी बांधलाय. मी पाहिलेल्या एका पोथीत सुरुवातीच्या पानाचा कोपरा झिजून गोल झाला होता आणि शेजारीच मांडलेलं शेवटाकडचं पान कोरं करकरीत. सुरुवात करणारे बरेच, शेवटापर्यंत पोचणारे थोडे, हे तेव्हाही असंच होतं बहुतेक.